लेकुरवाळे गुरुचरित्र

श्रीगुरुचरित्राचा सप्ताह घरात बसला की पहिली ताकीद मिळते ती मुलांना. पोथीला शिवू नका, चौरंगाजवळून धावू नका, गलका करू नका. सात दिवसांचे सोवळे, एकभुक्त, भूमिशय्या आणि ठरल्या वेळी ठरले अध्याय संपवण्याची घाई, ह्या साऱ्यांत लहान मूल ही अडचणच होऊन बसते. वाचणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या ग्रंथासाठी आपण मुलांना माजघरात कोंडतो, तो ग्रंथ स्वतः मुलांनी गजबजलेला आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात क्वचितच येते. ह्या पोथीत जुळी बाळे आहेत, हट्ट धरणारी भावंडे आहेत, उपाशी पोरे आहेत, आणि त्यांच्यासाठी गुरूंशी हुज्जत घालणाऱ्या आयाही आहेत. गुरुचरित्राकडे फलप्राप्तीचे साधन म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. दत्तसंप्रदायाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहणारे थोडे पण जाणते आहेत. नांदत्या घराचे काव्य म्हणून त्याच्याकडे पाहावे असा ह्या लेखाचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे एवढेच की, ह्या ग्रंथाची कवी म्हणून खरी ताकद संन्याशाच्या मठात दिसत नाही. ती दिसते त्या संन्याशाने ज्यांच्या दारी भिक्षा मागितली त्या घरांत.

प्रथम कर्त्याविषयी. सरस्वती गंगाधर हा कडगंचीच्या साखरे घराण्यातला. कडगंची हे गाव आज कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. त्याचा खापरपणजोबा सायंदेव हा श्रीनृसिंहसरस्वतींचा शिष्य. परंतु तो संन्यासी शिष्य नव्हे. बायको-मुले असलेला आणि यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत जीव मुठीत धरून राहणारा असा तो संसारी माणूस होता. सायंदेव, त्याचा नागनाथ, त्याचा देवराव, त्याचा गंगाधर आणि त्याचा हा सरस्वती अशी परंपरा कवी स्वतःच सांगतो. म्हणजे श्रीगुरूंच्या ज्या आठवणी ह्या पोथीत आहेत, त्यांचा एक मोठा वाटा घराघरांतून, आजोबांनी नातवाला सांगितल्यासारखा, पाझरत आलेला आहे. दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही असे हा कवी प्रांजळपणे सांगतो. घरातली बोली कानडी, आणि ग्रंथ मात्र मराठी, सात हजारांहून अधिक ओव्यांचा. सायंदेवाच्या कथाभागात तर एक कानडी पद जसेच्या तसे मराठी पोथीत येऊन बसले आहे. बिदर-कलबुर्गीच्या आजच्या घरांत मूल आजीशी मराठीत, शेजाऱ्याशी कानडीत आणि बाजारात दखनीत बोलते. त्या घराचा हा ग्रंथ पहिल्यापासूनचा रहिवासी आहे. तिकडे आमचे गोव्या-कारवारचे कोंकणी भाविकही पिढ्यान् पिढ्या गाणगापूरची वारी करतात, आणि माणगावात १८५४ साली जन्मलेल्या वासुदेवानंद सरस्वतींनी हेच चरित्र संस्कृतात नेले. मराठीने ज्यांना लेकरे म्हटले, कोंकणीने भुरगीं म्हटले आणि कानडीने मक्कळु म्हटले, त्या साऱ्यांचे ह्या पोथीशी नाते आहे. ते शोधू लागलो की ती वेगळीच दिसू लागते. (अध्यायांचे क्रमांक मी प्रचलित पोथीप्रमाणे देतो.)

एकेचाळिसाव्या अध्यायातली त्वष्ट्याच्या पुत्राची गोष्ट पाहा. ती पुराणातली खरी. पण गाणगापुरात ती सांगितली जाते ती सायंदेवाला, म्हणजे कवीच्या पूर्वजाला. गुरुसेवा किती अवघड असते हे त्याला कळावे म्हणून ती आहे. एक ब्रह्मचारी गुरुगृही राहतो. पावसाने पर्णकुटी गळू लागते, तेव्हा गुरू सांगतात की कधीही जुने होणार नाही असे घर मला बांधून दे. ते ऐकून गुरुपत्नी म्हणते, मला चोळी हवी, पण ती विणलेली नको आणि शिवलेलीही नको. मग गुरूंचा मुलगा पुढे सरसावतो: मला पादुका हव्यात, पायाबरोबर वाढणाऱ्या आणि पाण्यावरून चालणाऱ्या. शेवटी धाकटी मुलगी. तिला कानांत घालायला कुंडले हवीत, खेळायला हस्तिदंती घरकुल हवे, तेही एका खांबावरचे, आणि भातुकलीची भांडी हवीत. ती भांडी चुलीवर काळी पडता कामा नयेत आणि त्यांतले अन्न निवता कामा नये.

ह्या मागण्यांचा आध्यात्मिक अर्थ लावणारे लावोत. मला ह्या प्रसंगात दोन मुलांचे जिवंत घर दिसते. बापाने काही मागितले की आईला आठवण होते, आईने मागितले की मुलगा मागे राहत नाही, आणि मुलाला मिळणार म्हटल्यावर मुलगी सर्वांच्या वरताण मागते. मागण्यांचा क्रम पुराणातला असेल. पण त्यांच्यातला आवाज ओळखीचा आहे. गुरूंची मागणी घरमालकाची आहे, कारण गळते छप्पर ही त्याची चिंता. मुलाची मागणी वाढत्या पायांची आहे. दर वर्षी पायताण आखूड होणाऱ्या पोराला वाढणाऱ्या पादुकांवाचून दुसरे काय सुचणार? आणि मुलीच्या मागणीत तर सारे स्वयंपाकघर उतरले आहे. आई काजळी धरलेली भांडी राखेने घासते आहे आणि पुरुषांची जेवणे होईपर्यंत तिचे स्वतःचे पान थंड होऊन जाते आहे, हे त्या पोरीने पाहिलेले असले पाहिजे. त्याशिवाय भांडी काळी होऊ नयेत आणि अन्न निवू नये, हे खेळण्याच्या मागणीत येत नाही. लहान मुले अशक्य गोष्ट मागतात ती बहुधा मोठ्यांचे कष्ट पाहूनच. ह्या एका तपशिलासाठी हा अध्याय मला मोलाचा वाटतो.

आता करंज्याकडे वळू. विदर्भातले हे गाव श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. ओंकाराखेरीज काहीही न बोलणारे मूल मुंजीत वेद बोलू लागते आणि लगोलग संन्यासाची भाषा करू लागते. बाराव्या अध्यायात आई अंबा जो शोक करते, तो कोणत्याही आईचा आहे: इतकी वर्षे मूल बोलेना म्हणून झुरले, आणि आता बोलला तो निघून जाण्याची गोष्ट. संन्याशाच्या चरित्रकाराला हा प्रसंग झटकन उरकता आला असता. आद्य शंकराचार्यांच्या आख्यायिकेत मगर पाय धरते आणि प्राणसंकटात आईकडून अनुज्ञा मिळवली जाते. इथे तसे घडत नाही. बालक एक अट मान्य करतो: तुला दुसरे मूल होईपर्यंत मी घर सोडणार नाही. तो थांबतो, घरी बसून लोकांना वेद शिकवतो. आईला जुळे मुलगे होतात, आणि ती तीन महिन्यांची झाल्यावरच तो काशीची वाट धरतो. अवताराला थोपवून धरणारी ही दोन तान्ही बाळे चरित्रात पुढे फारशी दिसत नाहीत. पण त्यांचे काम त्यांनी केले आहे. परमार्थाला निघणाऱ्याने घर रिकामे करून जाऊ नये हे तत्त्व कवीने उपदेशाने सांगितले नाही, पाळण्याने सांगितले. पुढे कित्येक वर्षांनी हेच संन्यासी करंज्याला येऊन घरच्यांना भेटतात, तेही ह्याच तत्त्वाला धरून.

काशीहून परतल्यावर श्रीगुरूंचा मोठा मुक्काम झाला तो कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, म्हणजे आजच्या नरसोबाच्या वाडीला. पलीकडच्या अमरापुरातली अठराव्या अध्यायातली घेवड्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दरिद्री ब्राह्मणाचे कुटुंब. भिक्षा मिळाली तर जेवण, नाहीतर दारच्या वेलाच्या शेंगा उकडून मुलांना घालायच्या. श्रीगुरू भिक्षेला येतात तेव्हा घरधनी बाहेर गेलेला. बाई घेवड्याची भाजी वाढते. ते तृप्त होतात, तुमचे दारिद्र्य गेले असे म्हणतात, आणि जाताना तो वेलच तोडून टाकतात. बायको-पोरे रडू लागतात. घरी आलेला नवरा तिलाच समजावतो, मग वेलाची मुळी खणायला जातो आणि तिथे द्रव्याने भरलेला हंडा सापडतो. आपण गोष्ट सांगताना हंड्यापाशी घाई करतो. काव्यदृष्टीने तिचा प्राण हंड्यात नाही, त्या रडण्यात आहे. उद्याची भाजी गेली ह्याचे दुःख फक्त त्यालाच कळते ज्याने रोज संध्याकाळी उद्याची भाजी मोजलेली आहे. नवऱ्याजवळ तत्त्वज्ञान आहे; मुलांच्या ताटात काय वाढायचे हा प्रश्न बायकोजवळ आहे. कवी नवऱ्याला शहाणा ठरवतो, हे खरे. तरी बाईच्या रडण्याला त्याने वेडेपणा म्हटलेले नाही. बाविसाव्या अध्यायातली गाणगापूरची वांझ म्हैसही अशाच घरातली आहे. माती वाहण्यासाठी भाड्याने जाणाऱ्या त्या म्हाताऱ्या जनावराच्या जिवावर ते घर चालते. तिथेही श्रीगुरू दूध मागतात ते घरातल्या बाईकडे, आणि भांडे घेऊन दोहायला बसते ती तीच. चमत्कार घडतो तो घरच्या बाईच्या हातून, ही ह्या पोथीची रीत आहे.

पण ह्या साऱ्यांत मला सर्वांत थोर वाटतो तो विसाव्या-एकविसाव्या अध्यायांतला शिरोळच्या बाईचा प्रसंग. शिरोळ नरसोबाच्या वाडीजवळच. तिची मुले होऊन होऊन जातात. कारण सांगितले जाते ते पूर्वजन्मीचे: कोणा ब्राह्मणाचे द्रव्य बुडवल्याचे. औदुंबराखालच्या पादुकांची सेवा करून तिला दोन मुलगे होतात. थोरल्याच्या मुंजीचे घरात बोलणे चालू असता त्याला धनुर्वात होतो आणि तिसऱ्या दिवशी तो जातो. बाई प्रेत सोडत नाही. गावकरी समजावतात, ती ऐकत नाही. एक ब्रह्मचारी येतो आणि देहाच्या नश्वरतेचा उपदेश करतो. इथे कवीने जे केले आहे ते विरळा. त्याने त्या बाईच्या तोंडी उत्तर घातले आहे. ती म्हणते, मला वर मिळाला होता, त्या वरावर मी विश्वास ठेवला. आता तो खोटा पडला तर उद्या गुरूंच्या शब्दावर कोण विसंबेल? धंद्याने वकील असल्यामुळे असेल, पण मला ह्या उत्तराचे रूप स्पष्ट दिसते. ती दयेची याचना करीत नाही. ती वचनाच्या पूर्ततेचा दावा मांडते आहे. दिलेला शब्द, त्यावर विसंबून केलेली सेवा आणि झालेली हानी, हे तिन्ही मुद्दे तिने क्रमाने मांडले आहेत. त्यावर ब्रह्मचाऱ्याजवळ तत्त्वज्ञानाचे उत्तर नाही. तो तिला प्रेत घेऊन औदुंबरापाशी, जिथे वर मिळाला तिथेच, जाऊन मागायला सांगतो. म्हणजे दावा योग्य त्या न्यायासनापुढे जातो. रात्री तिला स्वप्न पडते. जागी होते तो मूल उठून बसलेले. आणि परलोकाच्या उंबरठ्यावरून परतलेले ते पोर काय सांगते? भूक लागली म्हणून सांगते. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्यालाच हा शेवट सुचेल.

पूर्वजन्मीच्या ऋणाची ती उपपत्ती मात्र मला पटत नाही, हेही सांगितले पाहिजे. मेलेल्या मुलाचा जाब आईच्या मागल्या जन्माकडे मागणे ही आपल्या धर्मकथांची जुनी खोड आहे. धनुर्वात हा जखमेतून होणारा रोग आहे; आज तो लशीने टळतो, आणि बाळाची नाळ स्वच्छ पात्याने कापण्याने टळतो. ज्या काळी ते ज्ञान नव्हते त्या काळी दुःखाला कारण हवे होते, आणि ते हाताशी असलेल्या बाईवर ठेवले गेले. परंतु कवीचे श्रेय असे की कारण तिच्यावर ठेवल्यावरही त्याने तिला गप्प बसवले नाही. तिचा युक्तिवाद पुऱ्या लांबीने नोंदवला आणि निकाल तिच्या बाजूने लावला.

एकोणचाळिसाव्या अध्यायात आपण पुन्हा गाणगापुरास, भीमा-अमरजेच्या संगमावर येतो. सोमनाथ ब्राह्मणाची पत्नी गंगा साठ वर्षांची, निपुत्रिक. रोज श्रीगुरूंना आरती ओवाळते. काय हवे म्हणून विचारल्यावर ती पुढल्या जन्माची गोष्ट करते. ह्याच जन्मी तुला कन्या आणि पुत्र होतील, असे श्रीगुरू सांगतात. संगमावरच्या अश्वत्थाची सेवा, लोकांची चेष्टा, स्वप्न, दोन फळे, आणि मग आधी मुलगी. ती मुलगी श्रीगुरूंच्या पायांवर आणून घातली जाते. तिचे भविष्य मोठ्या गौरवाने सांगितले जाते आणि तिचे नाव सरस्वती ठेवले जाते, म्हणजे श्रीगुरूंच्या नावात आहे तेच आणि कवीच्याही नावात आहे तेच. त्यानंतर तो प्रसिद्ध प्रश्न: मुलगा कसा हवा, शंभर वर्षे जगणारा मूर्ख की तीस वर्षे जगणारा विद्वान? मार्कंडेयाच्या कथेत असा प्रश्न बापाला पडतो. इथे तो आईला विचारला आहे. गंगा विद्वान मागते, आणि त्याच वाक्यात त्याला पाच मुलगे हवेत असे जोडून देते. अटीत पोटअट घालण्याचे हे कसब पाहून कोणताही दस्तलेखक तिला हात जोडील. श्रीगुरू हसतात. पण त्या हसण्याखाली एक बोचरी गोष्ट आहे. मूल हुशार हवे की दीर्घायुषी, हा प्रश्न आजही प्रत्येक घरात निराळ्या वेषात विचारला जातो. पाठीवर दप्तराचे ओझे घालून पहाटे शिकवणीला धाडलेल्या मुलाच्या आईबापांनी त्याचे उत्तर गंगेसारखेच दिलेले असते. फक्त ते उत्तर आपण दिले हे त्यांना ठाऊक नसते.

ही आधीची मुलगी मला महत्त्वाची वाटते, आणि त्याला ह्या प्रदेशाचाच संदर्भ आहे. बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली ती इथे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो हा तिचा सिद्धान्त बंगालखेरीज बहुतेक भारतात हिंदूंचा कायदा झाला. मुलीला मात्र तो जन्मसिद्ध हक्क नव्हता. १९५६ च्या वारसा कायद्यानेही तो पूर्णपणे दिला नाही. कर्नाटकाने १९९४ मध्ये, त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून, तो दिला. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वत्र दिला. आणि तो जन्मानेच मिळतो, बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. एका मुलीला आणि एका मुलाला एकाच मापाने मोजायला ह्या देशाच्या कायद्याला एवढा काळ लागला. गुरुचरित्राचा कवी समतावादी होता असे मी म्हणणार नाही. गंगेलाही पुत्र हवाच होता. पण त्याने मुलगी आधी आणली आणि तिला भविष्याशिवाय सोडले नाही.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. तो दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकतिसाव्या-बत्तिसाव्या अध्यायांत पतिव्रतेचे, सहगमनाचे आणि विधवेचे कठोर आचार सांगितले आहेत. पस्तिसाव्यात सावित्री मंत्र मागते, तेव्हा स्त्रियांना मंत्राचा अधिकार नाही असे सांगून तिला सोमवारचे व्रत दिले जाते. छत्तिसाव्या-सदतिसाव्यांत ब्राह्ममुहूर्तापासून निद्रेपर्यंतचा आचार आहे. गंमत अशी की ह्या आचाराचे निमित्त एका घरगुती भांडणाचे आहे: परान्न न घेणारा नवरा, आणि गावजेवणाचे आमंत्रण, वस्त्रे व दक्षिणा हुकतात म्हणून कुढणारी बायको. ती गाऱ्हाणे घेऊन येते तेव्हा श्रीगुरू आधी नवऱ्यालाच तिची इच्छा पुरवायला सांगतात! परंतु पुढची दिनचर्या ज्या घरात बिनबोभाट पार पडेल ते घर लहान मुलांचे नव्हे. रात्री तीनदा उठलेल्या आईबापांना ब्राह्ममुहूर्त कोणी शिकवावा लागत नाही. ते जागेच असतात, पण संध्येसाठी नव्हे.

मग ह्या दोहोंत प्रमाण कोणते मानावे, नियमांचे अध्याय की गोष्टींचे? मीमांसक सांगतील की विधी हे प्रमाण आणि कथा हा अर्थवाद, म्हणजे विधीची स्तुती करण्यापुरती. यज्ञाच्या ग्रंथाला हा न्याय चालेल. काव्याला तो उलटा लावावा लागतो. काव्यात कवीने काय सांगितले ह्यापेक्षा त्याने काय पाहिले हे वजनदार असते. नियमांचे अध्याय बव्हंशी परंपरेतून उचललेले आहेत. घेवड्याची भाजी, भाड्याची म्हैस आणि भुकेले उठलेले पोर ही पाहिलेली आहेत. आणि स्मृतीचाच आधार हवा असेल तर तोही आहे. ज्या याज्ञवल्क्य स्मृतीवर कल्याणीत मिताक्षरा लिहिली गेली, तिच्या आचाराध्यायात भोजनाचा क्रम सांगितला आहे. आधी मूल, मग माहेरी असलेली लेक, वृद्ध, गर्भिणी, आजारी आणि कुमारिका ह्यांना वाढावे. नंतर अतिथी आणि नोकर. आणि उरेल ते नवरा-बायकोने खावे. यादीत पहिले नाव मुलाचे आहे. तेव्हा मुलाचे पान वाढण्यासाठी पोथी बाजूला ठेवणाऱ्या बाईने आचारभंग केला असे म्हणण्यास शास्त्राचाही आधार नाही.

ह्याच कसोटीवर पन्नासाव्या अध्यायाची परीक्षा होते. कुरवपुरच्या ज्या परटाने राजवैभवाची इच्छा धरली होती, तो वैदुरापुरी, म्हणजे बिदरला, यवन राजा होऊन जन्मतो. मांडीवरचा फोड घेऊन तो गाणगापुरास येतो आणि श्रीगुरू त्याला जुन्या नावाने हाक मारतात. ती हाक अप्रतिम आहे. परंतु पुढे बिदरच्या राजवाड्यातले वर्णन सुरू झाले की कवीची लेखणी सांकेतिक होते. रत्ने, सिंहासने, वाद्ये, राणीवसा, सारे ठराविक. त्याच प्रवासात श्रीगुरू बिदरच्या पापविनाशी तीर्थावर थांबतात आणि सायंदेवाचा मुलगा नागनाथ त्यांना आपल्या घरी नेतो. सुलतानाच्या वाड्याआधी पणजोबांचे घर! तेथे कवीचा श्वास पुन्हा मोकळा होतो. ज्याला राजवाडा रंगवता येत नाही पण घर रंगवता येते, त्या कवीचा पिंड कोणता हे निराळे सांगायला नको.

ह्या चर्चेचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो निकडीचा आहे. औरादपासून अफझलपूरपर्यंतच्या मराठी घरांतली पुष्कळ मुले आज कानडी किंवा इंग्रजी शाळेत जातात. ती मराठी बोलतात, पण पोथीची ओवी सलग वाचणे त्यांना जड जाते. त्यांत दुःख करण्यासारखे आहेच. पण ज्याने ही पोथी लिहिली त्याचीही मराठी शाळेतली नव्हती, हे त्यांना सांगायला काय हरकत आहे? दुसरीकडे, अनेक घरांत स्त्रियांनी ही पोथी वाचू नये, फक्त ऐकावी, असा संकेत अजून पाळला जातो. ज्यांचा संकेतावर विश्वास आहे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण शिरोळच्या बाईची आणि गंगेची साक्ष काढून टाकली तर ह्या ग्रंथात उरते काय, एवढा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. पुरुष सोवळ्यात बसून सात दिवसांत पारायण संपवतो, मुले दाराआड गप्प बसतात, आई प्रसादाच्या तयारीत असते, आणि पोथी मात्र त्या दाराआडच्यांचीच गोष्ट सांगत असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सप्ताह करणाऱ्यांनी खुशाल करावा. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, मुले जेवत असताना, ह्या पोथीतली एखादी गोष्ट आईने किंवा बापाने आपल्या बोलीत सांगावी: मराठीत, कोंकणीत, कानडीत, जी जिभेवर असेल तीत. काळी न पडणाऱ्या भांड्यांपासून सुरुवात करावी. मुलगी विचारील, मग ती भांडी त्या मुलीला मिळाली का? मिळाली, असे सांगावे. काशीला जाऊन त्या ब्रह्मचाऱ्याने सारे काही मिळवून आणले. मुलगा विचारील, आणि पादुका? त्याही मिळाल्या. मग दोघेही आणखी काहीतरी मागतील. त्यांना मागू द्यावे.